लहान मेंदू, मोठा मेंदू आणि आकडी : एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

समजा, भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या एखाद्या क्वार्टरमध्ये दीड वर्षाच्या बाळाला ताप चढला, डोळे फिरले, हातपाय झाडू लागले आणि तीन मिनिटे आकडी आली. त्याच आठवड्यात शेजारच्या क्वार्टरमध्ये कारखान्यातून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या आजोबांनाही तशीच आकडी आली. दोघांनाही सेक्टर ९ च्या रुग्णालयात नेतील. पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंग सारखेच भयंकर वाटतील. त्यांना नावही एकच मिळेल : मराठी माणूस आकडी, फिट किंवा फेफरे म्हणेल, छत्तीसगढी शेजारी मिरगी म्हणेल.

पण डॉक्टर दोन्ही घरांना वेगवेगळ्या गोष्टी सांगतील. बाळाच्या तापाचे कारण शोधले जाईल, मेंदूज्वर नाही याची खात्री केली जाईल आणि सगळे ठीक असेल तर रोजच्या औषधाशिवाय त्याला घरी पाठवले जाईल. आजोबांच्या मेंदूचा स्कॅन होईल, कारण त्या वयातल्या पहिल्या आकडीमागे पक्षाघाताचा जुना व्रण, गाठ किंवा दुसरे काही असू शकते. त्यांना पुढे अनेक वर्षे गोळी घ्यावी लागू शकते.

हा फरक वैद्यकाला एका दिवसात उमगला नाही. त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे लागली आणि मधल्या काळात दोन उलट प्रकारच्या चुका झाल्या. काही मुलांना गरज नसताना वर्षानुवर्षे औषध दिले गेले, तर काहींच्या आकडीकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांची वाढ हातची गेली. या पाठात आपण पाहणार आहोत की दोन्ही चुकांचे मूळ एकच होते : मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस, ही समजूत.

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी सांगता याव्यात :
१. आकडीचा विकसनशील मेंदूवर आणि प्रौढ मेंदूवर होणारा परिणाम कोणत्या बाबतीत वेगळा आहे.
२. हा फरक कोणत्या निरीक्षणांतून आणि प्रयोगांतून स्पष्ट झाला.
३. आकडी, आकडीचे कारण आणि आकडीवरचे औषध या तिन्हींचे परिणाम वेगवेगळे का मोजावे लागतात.
४. विदर्भ आणि छत्तीसगढच्या परिसरात या प्रश्नाचे स्वरूप काय आहे.

१. जुन्या ग्रंथांतली वयाची जाणीव

आकडीचा वयाशी संबंध आहे हे निरीक्षण जुनेच आहे. चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज आणि तिन्ही दोषांचा मिळून झालेला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे. पण त्याच उत्तरतंत्रात, बालकांच्या रोगांच्या भागात, नऊ बालग्रहांची वर्णने येतात आणि त्यांपैकी एकाचे नाव ‘स्कंदापस्मार’ असे आहे. म्हणजे शुद्ध हरपणे आणि अंग झाडणे या लक्षणांसाठी ग्रंथकाराने मोठ्यांचा एक विचार केला आणि बालकांचा दुसरा.

कारण म्हणून दिलेला ‘ग्रह’ आज आपण मान्य करणार नाही. तरीही वयाप्रमाणे रोगाचे घर वेगळे मांडण्याची दृष्टी त्यात आहे, ही नोंद महत्त्वाची आहे.

ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘पवित्र रोगाविषयी’ या ग्रंथाने हा रोग देवाचा कोप नसून मेंदूचा आहे असे ठामपणे मांडले. त्याच ग्रंथात लहान मुलांमध्ये रोगाचा शेवट अनेकदा वाईट होतो आणि विशी ओलांडल्यावर तो नव्याने क्वचितच जडतो, असेही म्हटले आहे. दुसरे विधान आज बरोबर ठरत नाही, कारण उतारवयातही आकड्या नव्याने सुरू होतात. मात्र वय लक्षात घेतल्याशिवाय या रोगाबद्दल बोलता येत नाही, हे त्या लेखकाला जाणवले होते.

२. टनब्रिजच्या डॉक्टरचे पत्र, १८४१

आधुनिक काळातला पहिला महत्त्वाचा पुरावा एका बापाच्या पत्रातून मिळतो. विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधल्या टनब्रिज गावचे डॉक्टर. त्यांचा मुलगा जन्मतः निरोगी होता. चार महिन्यांचा झाल्यावर तो मान एकदम पुढे टाकू लागला. पुढे हे झटके वाढले. बाळ कंबरेतून वाकून डोके गुडघ्यांपर्यंत नेई, क्षणात सरळ होई आणि पुन्हा वाके. असे झटके ओळीने येत. सलाम केल्यासारखी ही हालचाल असल्याने लंडनच्या एका नामांकित डॉक्टरांनी तिला ‘सलाम आकडी’ म्हटले होते.

वेस्ट यांनी त्या काळचे सगळे उपाय केले : जळवा लावल्या, डोक्यावर थंड पट्ट्या ठेवल्या, जुलाब दिले, दात येण्याचा त्रास असेल म्हणून हिरड्यांना छेदही दिला. कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी १८४१ च्या आरंभी त्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून इतर डॉक्टरांकडे मदत मागितली.

पत्रात झटक्यांच्या वर्णनाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची होती. मूल पुढे सरकत नव्हते. ते हसत नव्हते, आजूबाजूला लक्ष देत नव्हते, वयाप्रमाणे जे यायला हवे ते येत नव्हते. मोठ्या माणसाला आकडी आली की त्याच्याजवळ जे आहे त्यातले काही जाण्याची भीती असते. या मुलाच्या बाबतीत जे अजून यायचे होते तेच अडले होते. विकसनशील मेंदूचा प्रश्न इथे पहिल्यांदा नेमकेपणाने नोंदवला गेला, जरी त्यामागचे शास्त्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

या आजाराला पुढे ‘वेस्ट सिंड्रोम’ हे नाव मिळाले. १९५२ मध्ये गिब्ज दांपत्याने या बाळांच्या ईईजीमधल्या अतिशय विस्कळीत आलेखाचे वर्णन केले आणि १९५८ मध्ये एसीटीएच या संप्रेरकाचा उपयोग होतो असे दिसून आले. वेस्ट यांच्या पत्रापासून उपयोगी औषधापर्यंत ११७ वर्षे गेली.

३. मोठ्यांवरून काढलेला नियम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अपस्माराचे शास्त्र वेगाने पुढे गेले. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८७० च्या दशकात आकडी म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक आणि अतिरेकी प्रमाणात झालेला विसर्ग, अशी मांडणी केली. १८८० मध्ये जर्मनीत सोमर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी नष्ट झालेल्या दाखवल्या. स्मरणशक्तीसाठी हा भाग अत्यंत महत्त्वाचा असतो. १८८१ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी सांगितले की प्रत्येक आकडी पुढच्या आकडीची वाट सोपी करते.

या विचारांतून एक नियम तयार झाला. आकडी मेंदूच्या पेशी मारते आणि एक आकडी दुसरीला बोलावते, म्हणून कोणाचीही, कसलीही आकडी औषधाने थांबवलीच पाहिजे. १८५७ मध्ये ब्रोमाइडचा उपयोग कळला होता, १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन आले. हाती औषधे होती, त्यामुळे नियम अमलात आणणे सोपे झाले.

१९६० च्या दशकात लंडनचे शल्यविशारद मरे फाल्कनर यांच्या कामामुळे हा नियम मुलांच्या बाबतीत आणखी घट्ट झाला. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचा कानशिलाजवळचा भाग ते शस्त्रक्रियेने काढत. त्यांतल्या अनेकांच्या हिप्पोकॅम्पसवर व्रण सापडला आणि पूर्वेतिहास विचारल्यावर बालपणी तापात लांबलेली आकडी आल्याचे कळले. यावरून तापातली आकडी मेंदूवर डाग ठेवते आणि तोच डाग पुढे अपस्मार होतो, ही भीती पसरली. तापात एकदा आकडी आलेल्या मुलांना दोन-दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ रोज फेनोबार्बिटल देण्याची पद्धत रूढ झाली.

इथे तर्कातली एक खोच विद्यार्थ्यांनी ओळखावी. शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेले रुग्ण हे मुळातच निवडक होते. त्यांच्याकडून मागे पाहिले तर अनेकांच्या बालपणी आकडी सापडते. पण बालपणी तापात आकडी आलेल्या सगळ्या मुलांकडून पुढे पाहिले, तर किती जणांना अपस्मार होतो? हा प्रश्न तोपर्यंत नीट विचारलाच गेला नव्हता.

४. पुढे पाहणारी मोजणी

त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रचंड पाहणीतून मिळाले. सुमारे ५४,००० गर्भवती स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांना सात वर्षांचे होईपर्यंत पाहिले गेले. कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी त्यांतली तापात आकडी आलेली १,७०६ मुले वेगळी काढली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : सातव्या वर्षापर्यंत यांतल्या सुमारे २ टक्के मुलांना अपस्मार झाला, तर तापात कधीच आकडी न आलेल्या मुलांत हे प्रमाण ०.५ टक्के होते. धोका वाढतो हे खरे, पण ९८ टक्के मुले त्यातून सुखरूप बाहेर पडतात. ज्यांची वाढ आधीपासूनच मागे होती आणि ज्यांची पहिली आकडी लांबलेली किंवा शरीराच्या एकाच बाजूची होती, त्यांच्यात धोका बराच जास्त आढळला.

१९७८ मध्ये त्यांनी आणखी एक तुलना मांडली. तापात आकडी आलेले मूल आणि त्याचेच आकडी न आलेले भावंड अशा ४३१ जोड्यांची बुद्धिमापन चाचणी पाहिली, तर आधी निरोगी असलेल्या मुलांत फरक सापडला नाही. भावंडांची तुलना केल्याने घर, आईबाप आणि परिस्थिती यांचा परिणाम वेगळा काढता आला.

मग रोजच्या औषधाचे काय? १९९० मध्ये जॅकलिन फारवेल आणि सहकाऱ्यांनी २१७ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या मुलांना फेनोबार्बिटल आणि निम्म्यांना औषध नसलेली तशीच मात्रा. दोन वर्षांनी औषध घेतलेल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी ८.४ गुणांनी कमी भरला. औषध थांबवून सहा महिने झाल्यावरही ५.२ गुणांचा फरक उरला होता. आणि आकड्या पुन्हा येण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

म्हणजे ज्या आकडीने बुद्धीला धक्का लागत नव्हता, ती टाळण्यासाठी दिलेल्या औषधाने तो लागत होता. तापातल्या साध्या आकडीनंतर रोजचे औषध देण्याची प्रथा यानंतर मागे पडली.

५. १९७३ : एकाच वर्षातले दोन प्रयोग

मग आकडी लहान मेंदूला निरुपद्रवी असते का? तसेही नाही. यासाठी आपल्याला थोडे मागे, १९७३ मध्ये जावे लागेल. त्या वर्षी ‘आर्काइव्हज ऑफ न्यूरॉलॉजी’ या एकाच नियतकालिकात दोन वेगवेगळी कामे प्रसिद्ध झाली.

पहिले काम ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांचे. त्यांनी वयात येत असलेल्या बबून माकडांमध्ये तासन्‌तास चालणारी आकडी निर्माण केली. काही माकडांचे स्नायू औषधाने शिथिल करून त्यांना कृत्रिम श्वास दिला, म्हणजे प्राणवायूची कमतरता आणि शरीराची झटापट हे घटक बाजूला पडले. तरीही मेंदूतल्या पेशी मेल्या, जरी काही भागांत हानी कमी होती. यावरून पेशींचा अतिरेकी विसर्ग स्वतःच त्यांना मारू शकतो हे दिसले.

दुसरे काम क्लॉड वास्टरलेन आणि फ्रेड प्लम यांचे. त्यांनी उंदरांच्या पिल्लांना वेगवेगळ्या वयात रोज विजेच्या झटक्याने आकडी आणली. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आकड्या आलेल्या पिल्लांच्या मेंदूचे वजन कमी राहिले आणि पेशींची संख्याही कमी भरली. थोड्या मोठ्या पिल्लांत संख्या तशीच राहिली, पण पेशींची वाढ खुंटली. त्याहून मोठ्या उंदरांत असा कायमचा परिणाम दिसला नाही.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. तयार मेंदूत लांबलेली आकडी असलेल्या पेशी मारते. घडत असलेल्या मेंदूत ती घडण बिघडवते. पुढे १९८० च्या दशकात कायनिक आम्ल वापरून केलेल्या प्रयोगांत या फरकाची दुसरी बाजू दिसली : अगदी लहान उंदरांना मोठ्यांपेक्षा तीव्र आकडी येत असूनही त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी वाचत, आणि तेवढ्याच आकडीत मोठ्या उंदरांच्या पेशी मरत.

६. असे का होते?

भिलाईच्या वाचकाला हे समजावायला कारखान्यातले उदाहरण पुरेसे आहे. तयार, थंड रुळावर जबर घाव बसला तर त्याला तडा जातो आणि तो तडा डोळ्यांना किंवा यंत्राला दिसतो. तापलेल्या लाल पोलादावर तोच घाव बसला तर तडा जात नाही, आकार बदलतो. तो तसाच थंड झाला तर दोष कायमचा राहतो, आणि तडा शोधणाऱ्याला तो सापडतही नाही. लहान मेंदू म्हणजे अजून आकार घेणारे पोलाद. उदाहरण इथवरच ताणावे, कारण मेंदूला स्वतःची दुरुस्ती करण्याची ताकद असते आणि पोलादाला नसते.

शास्त्रीय भाषेत यामागे तीन गोष्टी आहेत.

पहिली, उत्तेजनाचा समतोल. चेतापेशी एकमेकींना रासायनिक संदेश पाठवतात. ग्लूटामेट हा मुख्य उत्तेजक संदेश, तर गाबा हा मुख्य रोखणारा संदेश. बालवयात नव्या जोडण्या तयार होण्यासाठी उत्तेजन जास्त असणे आवश्यक असते. शिकण्याची क्षमता आणि आकडी येण्याची प्रवृत्ती ही एकाच स्थितीची दोन रूपे आहेत.

दुसरी, गाबाची उलट चाल. १९८९ मध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवले की तिथे गाबा पेशीला शांत करण्याऐवजी उत्तेजित करतो. याचे कारण क्लोराइडचे प्रमाण. प्रौढ पेशीत क्लोराइड बाहेर टाकणारा पंप काम करत असतो, त्यामुळे गाबाने दार उघडले की क्लोराइड आत येते आणि पेशी शांत होते. नवजात पेशीत हा पंप अजून पुरेसा तयार नसतो, आत क्लोराइड साठलेले असते, आणि दार उघडताच ते बाहेर जाऊन पेशी पेटते. फेनोबार्बिटल गाबाच्याच मार्गाने काम करते. नवजात बाळांत ते अनेकदा अपुरे का पडते, याचा एक धागा इथे मिळतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत फेनोबार्बिटल आणि फेनिटॉइन या दोन्हींनी निम्म्याहून कमी नवजात बाळांच्या आकड्या आटोक्यात आल्या होत्या.

तिसरी, जोडण्यांची मांडणी. कोणती जोडणी ठेवायची आणि कोणती छाटायची हे वाढता मेंदू पेशींच्या हालचालीवरून ठरवतो. आकडीत हजारो पेशी एकाच वेळी पेटतात आणि चुकीचा संकेत जातो. १९९८ मध्ये ग्रेगरी होम्स, बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांना वारंवार आकड्या आणून त्यांना मोठे होऊ दिले. पेशी मेलेल्या दिसल्या नाहीत. पण हिप्पोकॅम्पसमधले तंतू भलत्या जागी वाढले होते, ते उंदीर पाण्यातली लपलेली फळी शोधायला उशिरा शिकत आणि त्यांना पुन्हा आकडी लवकर येई.

७. दोन भीतींच्या मधली वाट

यानंतर औषधांचाही नव्याने विचार सुरू झाला. २००२ मध्ये पेट्रा बिटिगाऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अपस्मारावरची काही प्रचलित औषधे उंदरांच्या वाढत्या मेंदूत पेशींचा मृत्यू घडवतात, आणि हे फक्त वाढीच्या ठरावीक काळात होते. उंदरांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, पण औषधाचाही वयाशी संबंध असतो हे त्याने ठसवले.

क्लोराइडचे गणित कळल्यावर ब्युमेटॅनाइड हे जुने लघवीचे औषध नवजात बाळांच्या आकडीवर वापरून पाहण्यात आले. युरोपातला तो प्रयोग १४ बाळांनंतर थांबवावा लागला, कारण आकड्या पुरेशा कमी झाल्या नाहीत आणि वाचलेल्या काही बाळांची श्रवणशक्ती गेली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत पटलेली युक्ती पाळण्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

दुसऱ्या बाजूला वेस्ट यांच्या मुलाचा आजार उलटा धडा देतो. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या पाहणीत असे आढळले की सलाम आकडी सुरू झाल्यापासून उपचाराला जितका उशीर, तितकी चार वर्षांच्या वयातली विकासाची पातळी खालची. इथे थांबून वाट पाहणे हीच चूक ठरते. अशा काही आजारांत कारण आणि मेंदूची अखंड बिघडलेली विद्युत हालचाल ही दोन्ही मिळून वाढ अडवतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात म्हणूनच ‘विकासात्मक’ आणि ‘अपस्मारजन्य’ ही दोन विशेषणे एकत्र वापरण्यास मान्यता मिळाली.

८. आपल्या परिसरातला अनुभव

आतापर्यंतचा इतिहास युरोप-अमेरिकेतल्या नोंदींवर उभा आहे. नागपूर ते दुर्ग-भिलाई या पट्ट्यात प्रश्नाचे रूप थोडे वेगळे आहे. इथे आकडीच्या आधी तिचे कारण समोर येते.

१९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. त्याला गावाचेच नाव मिळाले. त्या वेळी तो साध्या तापाचा विषाणू वाटला. २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली, ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्या काळात रुग्ण आढळले. ताप, उलट्या, आकडी, बेशुद्धी आणि एक-दोन दिवसांत मृत्यू असा क्रम होता. वाळूमाशी हा विषाणू पसरवते. मोठ्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, पण गंभीर आजार प्रामुख्याने १५ वर्षांखालच्या मुलांना होतो. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. या आजारावर खास औषध अजून नाही. अशा मुलाची आकडी थांबवणे अत्यावश्यक असते, पण मेंदूची हानी मुख्यतः मूळ आजाराने होत असते.

दुसरे कारण जन्माच्या वेळचे. बाळ जन्मताच रडले नाही, श्वास अडकला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत आकड्या येऊ शकतात. छत्तीसगढला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हेही त्या शिकल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या ३९ गावांत, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटला. जन्मतःच श्वास मिळालेल्या बाळाच्या मेंदूला पुढची आकडीच टाळता येते. त्यासारखे औषध नाही.

श्रीमंत देशांत गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवून मेंदू वाचवण्याचा उपचार रूढ आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर त्याची चाचणी झाली. २०२१ चा निकाल असा की मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. मुलाचा मेंदू हा छोटा प्रौढ मेंदू नव्हे, तसेच एका देशातल्या बाळाचे गणित दुसऱ्या देशातल्या बाळाला आपोआप लागू होत नाही.

९. शिक्का आणि कायदा

‘आकडी आली होती’ ही नोंद मुलाच्या, विशेषतः मुलीच्या मागे लागते आणि स्थळे पाहताना पुन्हा वर येते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा उल्लेख वेडाच्या झटक्यांबरोबर घातला गेला. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढला. म्हणजे आज अपस्मार असणे ही विवाहाला कायदेशीर आडकाठी नाही.

कायद्याने शब्द काढला, घरांतून तो अजून निघालेला नाही. दीड वर्षाच्या वयात तापात एकदा आलेली आकडी आणि अपस्मार ह्या वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्या घराला ठाऊक नाही, ते घर वीस वर्षांनीही ती लपवत राहते. आणि लपवण्याच्या नादात, ज्या मुलीला खरोखर अपस्मार आहे तिची गोळी लग्नानंतर बंद होते. तिथे मेंदू प्रौढ असतो आणि धोका खरा असतो.

सारांश

• प्रौढ मेंदूत लांबलेली आकडी पेशी मारू शकते. विकसनशील मेंदू पेशीमृत्यूला तुलनेने जास्त टिकतो, पण वारंवार आकड्यांनी त्याच्या जोडण्यांची घडण बिघडू शकते.
• तापातली साधी, थोडा वेळ टिकणारी आकडी निरोगी मुलाच्या बुद्धीला हानी करत नाही, आणि तिच्यासाठी रोजचे औषध लागत नाही.
• सलाम आकडीत मात्र प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.
• आकडी, तिचे कारण आणि तिच्यावरचे औषध, तिन्हींचा परिणाम वयावर अवलंबून असतो. म्हणून पहिला प्रश्न वयाचा.

घरात आकडी आली तर

मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका. हातपाय दाबून धरू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवण्याने आकडी थांबत नाही. ती बहुधा स्वतःच थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा पुन्हा आली, नंतर मूल शुद्धीवर आले नाही किंवा बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, तर थेट रुग्णालय गाठा. तान्हे बाळ ओळीने मान टाकत असेल तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून ते त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

स्वाध्याय

१. फाल्कनर यांचे रुग्ण आणि नेल्सन-एलेनबर्ग यांची मुले यांत निवडीच्या दृष्टीने काय फरक होता? त्यामुळे निष्कर्ष का बदलला?
२. १९७३ मधल्या दोन प्रयोगांची तुलना करा आणि त्यांतून निघणारा समान धडा दोन वाक्यांत लिहा.
३. नवजात पेशीत गाबा उत्तेजक का ठरतो हे क्लोराइडच्या आधारे आकृतीसह स्पष्ट करा.
४. ‘प्रत्येक आकडी औषधाने थांबवलीच पाहिजे’ या विधानाची वय आणि कारण लक्षात घेऊन चर्चा करा.
५. तुमच्या वस्तीत आकडीसाठी कोणकोणते शब्द आणि घरगुती उपाय प्रचलित आहेत ते नोंदवा. त्यांतला कोणता निरुपद्रवी आहे आणि कोणता धोकादायक, ते सकारण लिहा.